रंगोबाच्या चार भिंती

३ फेब्रुवारी, दुपारची सुट्टी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे तसंच केरात टाकलं नसशील, तर पुढे वाच. दोन वर्षांनी लिहितेय म्हणजे हिचं काहीतरी अडलं असणार, असं तुला वाटेल. काही अडलेलं नाही. मी बरी आहे, वेळेवर जेवते, कुणाशी भांडण नाही. एका उपड्या डब्यावर बसून लिहितेय. कागदावर पांढरे ठिपके दिसतील ते रंगाचे आहेत, भलतं काही समजू नकोस.

सध्या मी रंगारी आहे. हसू नकोस. आधी बेकरीत होते, मग रोपवाटिकेत, मध्ये तीन आठवडे एका फोटो स्टुडिओत. तिथं लोकांना हसवण्यात मी इतका वेळ घालवायचे, की मालकानं मलाच हसत हसत घालवलं. रंगकाम मात्र टिकलंय. आमचे मिस्त्री म्हणतात, "पोरी, तुझा हात सरळ चालतो, डोकं तेवढं वाकडं चालतं." माझ्याबद्दल इतकं चांगलं बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

आता एका शाळेचं काम आहे. सात वर्ग, एक जिना, एक ऑफिस. शाळा चालू असतानाच काम काढलंय, त्यामुळे एका खोलीत आम्ही पुट्टी भरतो आणि शेजारी पाढे चालतात. जिन्याखाली मांजर व्यायली आहे. तीन पिल्लं. एकाच्या पाठीवर आमचं प्रायमर सांडलं, आता ते निम्मं करडं निम्मं पांढरं फिरतं आणि मिस्त्री त्याला 'पहिला हात' म्हणतात. असो. मांजराचं सांगायला बसले नव्हते.

सांगायचंय ते पाचव्या खोलीबद्दल. तिथं एक बाई शिकवतात. पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज घोगरा, खिसे टाचण्यांनी भरलेले. तीन इयत्तांमधली वाचनात मागे पडलेली अकरा मुलं त्यांच्याकडे दिलेली आहेत. बाकीचे शिक्षक त्या वर्गाला 'गॅरेज' म्हणतात. बाईंना ते माहीत आहे. म्हणतात, "बरोबर आहे. बाकीच्यांकडे चालू गाड्या आहेत. चालू गाडी कुणीही चालवतं."

त्यांच्याकडे एका मोठ्या चित्रकाराचं जुनं कॅलेंडर आहे. बारा महिने, बारा चित्रं. चित्रकाराचं नाव एवढं लांबलचक, की मुलांनी त्याचं 'रंगोबा' करून टाकलंय. बाईंनी तारखा कापून फेकल्या आणि चित्रं चार भिंतींवर तीन-तीन लावली, रंगोबाच्या वयाप्रमाणे. दाराच्या भिंतीवर तरुण रंगोबा. तेव्हा तो दिसेल ते सगळं काढायचा. स्वयंपाकघर काढलं तर कपाटाची बिजागरी, मांजराच्या मिशा, बादलीच्या कडीवरचा गंजसुद्धा. खिडकीच्या भिंतीवर तो समुद्रकाठी राहायला गेल्यानंतरचा. तिथं कशालाच कडा नाहीत, नुसते रंग एकमेकांत मिसळलेले. फळ्याच्या भिंतीवर त्यानं सगळं मोडून परत जुळवलेलं. खुर्ची वरूनही दिसते आणि समोरूनही. आणि कपाटाच्या भिंतीवर म्हातारा रंगोबा. एक रेघ, झाला पक्षी. दोन रेघा, झालं माणूस निघून चाललेलं.

प्रत्येक चित्राखाली शब्दांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. नियम एकच. शब्द कुणीही सांगावा, पण चित्रात तो कुठं आहे तिथं बोट ठेवता आलं पाहिजे. तरच बाई तो चिठ्ठीवर लिहितात आणि सांगणाऱ्यानं तो स्वतः वाचून टोचायचा.

मी दाराच्या चौकटीला घासकागद मारत होते तेव्हा एक फाटक्या दप्तराचा मुलगा म्हणाला, "बाई, सुंदर."

"कुठाय सुंदर? बोट ठेव."

त्याचं बोट निघालं, बादलीवरून मांजरावर, तिथून खिडकीवर, आणि परत आलं. "सगळीकडंच आहे."

"सगळीकडं टाचणी कशी टोचू? सध्या तुझ्या खिशात ठेव. जागा सापडली की दे."

त्यानं खरोखर खिशात हात घातला आणि काहीतरी ठेवल्यासारखं केलं. ताई, मी हातातलं काम विसरून तिथंच उभी. मला लहानपणी कुणी असं सांगितलं असतं तर! मी 'छान' आणि 'सुंदर' लिहून निबंध भरायचे आणि तू कपाळाला हात लावायचीस.

त्याच वर्गात एक मुलगी आहे. नऊ वर्षांची, इतकी बारीक की सगळे तिला मुंगी म्हणतात. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणते, तेही ओठांनीच. बाकी दिवसभर एक शब्द नाही. ओरडून झालं, लाडीगोडी झाली, काही नाही. जिन्याखालच्या पिल्लांशी बोलते असं मुलं सांगतात, पण कुणी जवळ गेलं की गप्प. मार्चच्या सुरुवातीला तपासनीस येणार आहेत. त्यांच्यासमोर एक पान मोठ्यानं वाचायचं. न वाचणाऱ्याला पुढच्या वर्षी वसतिशाळेत पाठवायचं, इथून बसनं पाच तास. मुंगीच्या घरी ती आणि आई, दोघीच. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते.

बाई हे मला चहा पिता पिता सांगत होत्या आणि कप तसाच धरून बसल्या होत्या. साय धरली तरी.

मावशीकडून कळलं की तू आता वाचन तपासत शाळाशाळा फिरतेस. म्हणून लिहिलं. विशेष काही नाही.

तुझी
धाकटी

१२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते. पण काल-परवा इथं जे झालं ते तुझ्या खात्यातलं आहे, आणि या वेळी मला खरंच प्रश्न विचारायचाय.

शनिवार-रविवारी पाचवी खोली रंगवली. त्याआधी बाईंनी सगळी चित्रं उतरवली आणि चिठ्ठ्या बिस्किटांच्या चार डब्यांत भरल्या, एका भिंतीचा एक डबा. डब्यांवर लिहिलं: दार, खिडकी, फळा, कपाट. एकशे चाळीस चिठ्ठ्या आहेत, मी मोजल्या. रविवारी संध्याकाळी रंग वाळला आणि कुणीतरी हौसेनं, बाईंचा सोमवार सोपा व्हावा म्हणून, चित्रं आणि चिठ्ठ्या परत लावून टाकल्या. फक्त चित्रं उलटी लागली. म्हणजे डोकं खाली पाय वर असं नव्हे. म्हातारा रंगोबा दाराच्या भिंतीवर आणि तरुण रंगोबा कपाटाच्या. मधल्या दोघांचीही अदलाबदल. चिठ्ठ्या मात्र डब्यांवर लिहिलेल्या भिंतीवरच गेल्या.

ते कुणीतरी म्हणजे मी. पुढे लिहायचं तर हे लपवून जमणार नाही.

पण मला सांग, माझं काय चुकलं? एका बाजूला एका रेघेचा पक्षी, त्याला डोळा नाही, पाय नाही. दुसऱ्या बाजूला मांजराची मिशी न् मिशी मोजून काढलेली. माणूस आधी काय काढेल? मीसुद्धा रंगारी म्हणून आले तेव्हा नुसते फराटे मारत होते, कोपरे सरळ यायला वर्ष गेलं. मला वाटलं रंगोबाही हळूहळू शिकला असणार.

सोमवारी सकाळी बाईंना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं होतं. मी खिडकीच्या गजांना ऑइलपेंट लावत होते. मुलं आत आली आणि एकच दंगा. "अरे, पक्ष्याला बिजागरी!" "आणि ह्या स्वयंपाकघराखाली 'उडाला'! कोण उडालं, बादली?" फाटक्या दप्तरवाल्यानं तर हसून हसून बाकावर लोळण घेतली. मी ब्रश खाली ठेवून आत जाणार, तेवढ्यात मुंगीनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं.

तिनं एकदा चारी भिंतींकडे पाहिलं. चित्रं उंच होती, तिचा हात पोचणार नव्हता. म्हणून तिनं चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. एक काढायची, बघायची, खोली ओलांडायची, टोचायची. 'बिजागरी' घेऊन कपाटाच्या भिंतीवरच्या स्वयंपाकघराकडे. 'गढूळ' घेऊन समुद्राकडे. 'अर्धं', 'पाठीमागून', 'आरपार' घेऊन मोडक्या खुर्चीकडे. हसता हसता मुलं तिच्याभोवती गोळा झाली. कुणीतरी तिचं स्टूल सरकवायला लागलं, कुणी टाचण्या हातात द्यायला लागलं. बाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या मला कळलंही नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

तास संपला, घंटा झाली, मधली सुट्टी निम्मी संपली. एकशे चाळीस चिठ्ठ्या, ताई. मी भिंतीवरच्या शब्दांकडे रोज बघत होते, तरी मला वीससुद्धा लावता आल्या नसत्या.

मी नाचायच्या बेतात. बाईंना म्हटलं, "बघा! येतं तिला वाचता!"

बाई म्हणाल्या, "तुला तुझे रंगाचे डबे झाकण न वाचता ओळखू येतात ना?"

"येतात की."

"मग? वर्षभर बघतेय ती या चिठ्ठ्या. कुठली कशी दिसते हे डोळ्यांत बसलं असेल."

आणि दुपारी मुलं गेल्यावर त्यांनी मुंगीला थांबवून घेतलं. तीन कोऱ्या चिठ्ठ्यांवर तीन नवे शब्द लिहिले, भिंतीवर कधीच नसलेले. 'कोनाडा', 'फेसाळ', 'झेप'. तिच्या हातात दिल्या. मुंगीनं तिन्ही लावल्या. 'कोनाडा' लावताना तर स्टुलावर चढून तरुण रंगोबाच्या स्वयंपाकघरात दिव्यामागं एवढासा कोनाडा आहे तिथं बोट ठेवलं. तो मला तोवर दिसलाही नव्हता. बाई वळल्या आणि फळा पुसायला लागल्या. फळा आधीच पुसलेला होता.

मला त्या रागावल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी माझ्या चुकीचाच धडा घेतला. "या रंगारी ताईंना वाटलं, हा पक्षी रंगोबानं लहानपणी काढला. का वाटलं असेल?" मुलं माझ्याकडे अशी बघत होती की मला डब्यात उडी मारावीशी वाटली. एक जण म्हणाला, "कारण तो सोपाय." बाईंनी सगळ्यांना खडू दिले. "काढा मग." अकरा मुलांनी आणि मी जमिनीवर एका रेघेचा पक्षी काढायला घेतला. आमच्यातला एकही उडेना. एक तर थेट चप्पल दिसत होता, तो माझा. बाई म्हणाल्या, "ही एक रेघ यायला त्याला साठ वर्षं लागली. तेवढ्या काळात त्यानं काय काय सोडून दिलं ते मोजा." आणि मुलं तरुण रंगोबाखालचे शब्द म्हणत सुटली: बिजागरी सोडली, मिशा सोडल्या, गंज सोडला...

मी शाळा सोडली ती शाळेला कंटाळून, असं मी सगळ्यांना सांगते. अशी शाळा असते हे ठाऊक नव्हतं.

आता प्रश्न. मुंगी वाचते हे बाईंना पटलं. पण तपासनिसांच्या कागदावर रकाना आहे 'मोठ्यानं वाचन'. ती तोंड उघडणार नाही. रकान्यात शून्य पडलं की वसतिशाळा. ताई, तू तपासतेस तेव्हा अशा मुलाचं काय लिहितेस? काही वाट आहे का? माझ्यावरचा राग पुरा ठेव, पण हे सांग.

धाकटी

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट आलं. आत माझीच दोन्ही पत्रं बघून क्षणभर वाटलं, न वाचता परत धाडलीस. मग उघडलं तर लाल शाई. एकतीस चुका. 'व्यायली'खालीसुद्धा रेघ आहे, ते का ते मला अजून कळलेलं नाही. मिस्त्रींना दाखवलं, ते म्हणाले, "बहीण शोभतेस हं तिची. ती शब्दांचे कोपरे घासते, तू भिंतींचे."

आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, त्याच लाल शाईत, तुझं ते बारीक अक्षर: 'नियम सतरा. मूल मोठ्यानं वाचत नसल्यास त्याची समज दुसऱ्या मार्गानं तपासता येते. शाळेनं दहा दिवस आधी लेखी अर्ज करावा. कुणी करत नाही.'

मी पायऱ्या दोन-दोन चढत पाचव्या खोलीत गेले. बाईंनी ते तीनदा वाचलं. म्हणाल्या, "तुमच्या ताईंना माझा नमस्कार लिहा." मी म्हटलं, तिला नमस्कारापेक्षा शुद्धलेखन आवडतं. त्या म्हणाल्या, "मग शुद्ध लिहा."

अर्ज झाला. मुख्याध्यापक आधी तयार नव्हते. "बाई, असा अर्ज आपल्या शाळेनं आजवर केलेला नाही." बाई म्हणाल्या, "म्हणून तर सर, नकार कसा येतो तेही आपल्याला माहीत नाही." सरांनी सही केली. मी बाहेर शिडीवर होते, मला सगळं ऐकू येत होतं. ऑफिसच्या भिंतीला त्या दिवशी मी गरजेपेक्षा एक हात जास्त दिला.

चुका काढलेली पत्रं मी परत एकदा वाचली. तू वाचलंस म्हणून काढल्यास ना? मग हेही वाच.

मी निघून गेले त्या परीक्षेच्या दिवशी तू केंद्राच्या फाटकाशी माझं प्रवेशपत्र घेऊन उभी होतीस. मी पोचलेच नाही असं तू धरून चाललीस. मी पोचले होते. समोरच्या बसस्टॉपवर होते, खांबाआड. पेपर मला येत होता, ताई. तू सगळ्यांना सांगितलंस की ही नापास व्हायला घाबरून पळाली. मी पास व्हायला घाबरले. घरी भिंतीवर तू पुढच्या सहा वर्षांचं वेळापत्रक लावलं होतंस, कुठलं कॉलेज, कुठला कोर्स, कुठली नोकरी. पहिला पेपर दिला की ते सगळं सुरू होणार होतं. पहिली बस आली तिच्यात चढले. तू घड्याळात बघत होतीस. मागच्या काचेतून दिसत होतीस बराच वेळ.

तू मला आईसारखं वाढवलंस आणि मी तुला न सांगता गेले. ते वाईट केलं. पण तू म्हणतेस ते कारण नव्हतं, एवढंच.

मुंगी आता सुट्टीत आमच्या शिडीखाली बसते. काल तिनं माझ्या डब्यावर एक चिठ्ठी टोचायचा प्रयत्न केला. डबा पत्र्याचा. टाचणी वाकली.

धाकटी

४ मार्च

ताई,

झालं. कालच झालं, पण लिहायला आज बसले.

तपासनीस आले साडेबाराला. उंच, जाड भिंगांचा चष्मा, हातात फुगलेली बॅग. दहा मुलांनी पान वाचलं. आठ जण धड, दोघं अडखळत, पण शेवटपर्यंत. फाटक्या दप्तरवाला एका शब्दापाशी अडला आणि सवयीनं पानावर बोट ठेवून चित्र शोधायला लागला. साहेब म्हणाले, "काय शोधतोयस?" तो म्हणाला, "जागा." साहेबांना काही कळलं नाही, पण तेवढ्यात त्याला शब्द लागला.

मग अर्ज निघाला. साहेबांनी चष्मा वर केला. "नियम सतरा? बारा वर्षांत पहिल्यांदा बघतोय."

"आम्हीही," बाई म्हणाल्या.

"दुसरा मार्ग म्हणजे काय करायचं मी?"

बाईंनी त्यांना भिंती समजावून सांगितल्या आणि दहा कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. "शब्द तुम्ही लिहा. मी बाहेर थांबते, म्हणजे मी डोळ्यांनी खुणावलं असं व्हायला नको." आणि त्या खरंच बाहेर आल्या. व्हरांड्यात मी चौकटीचा शेवटचा हात मारत होते. त्या माझ्या शिडीला धरून उभ्या राहिल्या. शिडी हलत होती, मी नव्हते हलत.

साहेबांनी मनापासून शब्द लिहिले, हे म्हटलं पाहिजे. सोपे दिले नाहीत. 'काठोकाठ'. मुंगीनं तो समुद्राला लावला नाही, तरुण रंगोबाच्या बादलीला लावला, जिथं पाणी कडेशी टेकलंय. 'तडा' फरशीला. 'धूसर' समुद्रापलीकडच्या बोटीला. 'तिरपा', 'दुमडलेला', हे मोडक्या खुर्चीकडे. 'एकटा' हा शब्द घेऊन ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं अडली. माणूस निघून चाललेलं चित्र होतं की तिथं, कुणीही तिथंच लावला असता. तिनं तो तरुण रंगोबाच्या भरल्या स्वयंपाकघरात लावला. सहा माणसं आहेत त्या चित्रात. साहेब म्हणाले, "इथं? कुठाय एकटा?" मुंगीनं बोट ठेवलं. कोपऱ्यात एक म्हातारा आहे, सगळ्यांची त्याच्याकडे पाठ आहे.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि चित्राला नाक लावून पाहिलं.

नऊ झाल्या. शेवटची चिठ्ठी तिनं वाचली आणि भिंतींकडे गेलीच नाही. वळली, साहेबांजवळ आली आणि टाचणी त्यांच्या कोटाच्या बाहीला टोचली. व्हरांड्यातून मला एवढंच दिसलं. मी म्हटलं, मेलो.

साहेबांनी बाही वर करून वाचलं. 'दमलेला'.

"कुठं?" ते म्हणाले. आवाज अजून तपासनिसाचाच होता.

मुंगीनं हात वर करून त्यांच्या डोळ्यांखाली बोट दाखवलं. मग वाकून बुटाच्या सुटलेल्या नाडीकडे.

साहेब मुलांच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला लागले. म्हणाले, "सकाळपासून चौथी शाळा आहे बाळ, डबापण खाल्ला नाही." मग त्यांनी नाडी बांधली, कागद पुढं ओढला आणि 'मोठ्यानं वाचन' या रकान्यावर आडवी रेघ मारून वर लिहिलं: 'समजून वाचते. वयापेक्षा पुढं. इथंच ठेवावी.' चिठ्ठी बाहीवर तशीच घेऊन गेले. विसरले की मुद्दाम, ठाऊक नाही.

बाईंना मी विचारलं, "हे तुम्ही कसं शिकलात?" मला वाटलं कुठलं तरी मोठं प्रशिक्षण सांगतील. म्हणाल्या, "मी शिकले कुठं अजून? करून बघते." गॅरेजवाल्या बाई! ताई, मी आजवर तीन कामं सोडली, आणि प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी मला सांगत होतं की त्यांना सगळं येतं. पहिल्यांदा कुणीतरी दुसरं बोललं.

धाकटी

७ मार्च, बसस्टॉप

ताई,

शाळेचं काम संपलं. हे पाकिटात घालणार आहे, पण त्यावर तिकीट लावणार नाही. हातात दिलं की पुरे. तुझ्याकडे येणारी दुपारची बस चुकली, पुढची पाचला आहे, म्हणून वेळ आहे. बस चुकण्याचं कारण सांगते.

आज बाई निकाल घेऊन स्वतः मुंगीच्या आईकडे निघाल्या होत्या. लॉन्ड्री बसस्टॉपच्या वाटेवरच, म्हणून मीही गेले. लांबट खोली, दोघी राहतातही तिथंच, भिंतीला वाफेनं पोपडे आलेले (प्रायमर नीट दिलं नव्हतं, लगेच कळतं). आई चादरींना इस्त्री करत होती. मुंगी कपड्यांच्या गाठोड्यावर बसून पाय हलवत होती.

बाईंनी कागद पुढं केला. "तुमच्या मुलीला वाचता येतं. साहेबांनी लिहून दिलंय. तिला कुठं पाठवायचं नाही."

आईनं हात पुसले, कागद घेतला, उलटसुलट बघितला. "बरं झालं बाई. जीव टांगणीला लागला होता." आणि परत इस्त्री हातात घेतली.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?"

"कशाचं?"

"तिला वाचता येतं याचं."

आईनं मुंगीकडे बघितलं, मग बाईंकडे. फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून तीन घडी घातलेल्या चिठ्ठ्या. अक्षर बाईंचं. वर्षभरात बाईंनी घरी धाडलेल्या, मुंगीच्याच हाती. आई म्हणाली, "पहिलीत लिहिलंय, मुलीला वाचता येत नाही. दुसरीत, अजून येत नाही, घरी लक्ष द्यावं. तिसरीत वसतिशाळेचं. बरोबर?"

"हो."

"मला अक्षरओळख नाही, बाई. या मला कुणी वाचून दाखवल्या असतील?"

बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या हातात घेतल्या. "मग... मग तुम्ही शाळेत येऊन सांगायचं नाही का?"

"तुम्ही शिकलेल्या. तुम्ही लिहिताय येत नाही, म्हणजे नसेल येत. मला वाटलं, शाळेतलं वाचन आणखी काही वेगळं असतं."

बाई गाठोड्यावर मुंगीशेजारी बसल्या. "मी लिहिलेलं तू वाचलंस? तिन्ही?"

मुंगीनं मान हलवली.

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं म्हणजे!" आई म्हणाली. "शेजारीण भिंत ठोकते. आणि तुमच्याच आवाजात वाचते, घोगरं काढून. मीच तिला दटावते, बाईंची नक्कल करू नये."

मुंगी कानापर्यंत लाल झाली. आणि बाई हसल्या, ताई. त्यांचा रडायचा बेत होता असं मला वाटत होतं, पण त्या डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. चिठ्ठ्या लिहीत बसले. हे दुकान शाळेपासून पाच मिनिटांवर आहे." हे आईला नव्हे, मुंगीला म्हणाल्या, सरळ तिच्याकडे बघून. मी मोठ्या माणसाला लहान मुलासमोर असं बोलताना पाहिलेलं नाही.

मग त्यांनी तिसरी चिठ्ठी उलटी केली, माझ्याकडची पेन्सिल मागितली, मांडीवर धरून चार ओळी लिहिल्या आणि मुंगीला दिली. "आईंना द्यायची आहे."

मुंगी गाठोड्यावरून उतरली. आमच्याकडे पाठ केली, आईकडे तोंड केलं, आणि तो आवाज पहिल्यांदा आला. बारीक अंगातून हा एवढा घोगरा:

"आधीच्या तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. त्या फाडून टाकाव्यात. मुलगी उत्तम वाचते. घरी लक्ष देण्याची गरज नाही, शाळेत देण्याची आहे. आपली, बाई."

पलीकडून कुणीतरी भिंत ठोकली. आईनं इस्त्री उभी करून ठेवली.

"परत वाच," ती म्हणाली.

तुझी
धाकटी